टॅक्टिकल धाटणीची पॉइंट टू टू घेताय? आधी बोल्ट बघा

पॉइंट टू टू म्हणजे ०.२२ इंची रिमफायर रायफल; हिच्या काडतुसाच्या बुडाच्या कडेवर ठोका बसून बार उडतो. ती टॅक्टिकल, म्हणजे लष्करी धाटणीची घ्यायची म्हटलं की नजर आधी रेल (दुर्बीण वगैरे बसवायची पट्टी) आणि मागेपुढे सरकणाऱ्या दस्त्यावर जाते. ते सामान नंतरही बसवता येतं. रायफलीचा स्वभाव ठरतो तो बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग, कसा चालतो यावर.

एआर-१५ ही मोठ्या काडतुसाची लष्करी धाटणीची रायफल आधीच वापरत असाल आणि स्वस्त काडतुसांवर हात बसवायचा असेल, तर स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ घ्या, फार शोधू नका. २००९ मध्ये आलेल्या या रायफलीत सेफ्टी, मॅगझिन सोडायचं बटण, मागे ओढायचं हँडल, सगळं एआरच्याच जागी आहे. रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो तो सांगाडा, पॉलिमरचा, त्यामुळे वजन अडीच किलोच्या आतबाहेर. नवख्याचा खांदा लवकर भरून येत नाही. २५ गोळ्यांच्या मॅगझिनला बाजूला खटका आहे. तो खाली ओढून धरला की काडतुसं अलगद आत सरकतात. शेवटची गोळी सुटली की बोल्ट उघडाच राहतो.

रूगर १०/२२ ही १९६४ पासूनची. टॅक्टिकल नमुन्यात नळी आखूड, १६ इंचांची, पण आतलं यंत्र तेच. तिचं १० गोळ्यांचं फिरतं मॅगझिन मला फार आवडतं: प्रत्येक काडतूस आपापल्या खाचेत बसतं, एकाची कड दुसऱ्यात अडकत नाही. नवव्या-दहाव्या काडतुसाला अंगठा मात्र दुखतो. नळी दोन स्क्रूंवर धरलेली आहे, त्यामुळे नळी, ट्रिगर, दस्ता हळूहळू बदलत नेण्याची हौस असणाऱ्याला हीच योग्य. खटकतात दोन गोष्टी. मॅगझिन संपल्यावर बोल्ट आपोआप उघडा राहत नाही, आणि रिसीव्हर मागून बंद असल्याने सफाईची काठी नळीच्या तोंडाकडूनच घालावी लागते.

या दोन्हींत काडतुसाचा जोरच बोल्टला मागे ढकलतो. काडतूस मवाळ निघालं किंवा मेण-काजळी साचली की त्या अडखळतात.

कागदावर बारीक गट पाडायचे, म्हणजे गोळ्यांची भोकं अगदी जवळजवळ पाडायची असतील तर हाताने बोल्ट ओढायची रायफल घ्या: रूगर प्रिसिजन रिमफायर किंवा टिक्का टी१एक्स. रूगरला १०/२२ चंच मॅगझिन चालतं, हा मोठाच फायदा. वजन तीन किलोंच्या वर, पण टेकवून मारताना तेच हवं असतं. ध्वनीच्या वेगाखालची काडतुसं इथे बिनघोर चालतात आणि नेमही त्यांचाच चांगला बसतो. मात्र ५० मीटरला साधलेली अशी गोळी १०० मीटरला जवळपास वीतभर खाली लागते, तेव्हा दुर्बिणीची फिरकी पुरेशी वर जाते का ते पाहा.

दुकानात रिकाम्या चेंबरवर (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेवर) ट्रिगर दाबण्याआधी विचारून घ्या. काही रिमफायर रायफलींत काडतूस नसलं की काडतुसाला ठोका देणारी फायरिंग पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथे खाच पडते.