कोडिंग की तक्ता? मुलाखती टाइप करून झाल्यावर काय निवडाल

संशोधनासाठीच्या मुलाखती झाल्या, टाइप करून झाल्या, आता ह्या ढिगाचं करायचं काय, इथं येऊन बरेच जण अडकतात. संमती, रेकॉर्डर, प्रश्नांची यादी हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. दोन वाटा आहेत, एक ओळ न् ओळ कोडिंग, म्हणजे प्रत्येक ओळीतल्या मुद्द्याला एक छोटं नाव (कोड) देत जायचं, आणि दुसरी फ्रेमवर्क पद्धतीचा तक्ता, म्हणजे आडव्या ओळीत माणूस आणि उभ्या रकान्यात विषय. मी दोन्ही करून बघितल्यात, बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलाखतींवर, त्यामुळे खालचं सगळं त्याच अनुभवातून आहे, तुमचा विषय वेगळा असेल तर थोडं इकडंतिकडं करून घ्या.

आधी कोडिंग. ते मला मनापासून आवडतं हे आधीच सांगतो. ग्राउंडेड थिअरीवाले, म्हणजे आधी सिद्धांत न धरता मुलाखतींतूनच तो उभा करणारे, म्हणतात की पहिली मुलाखत झाली की लगेच कोडिंगला बसा, आणि त्यात तथ्य आहे. आम्ही मजुरी, कर्ज, स्थलांतर अशी पुस्तकी शीर्षकं घेऊन गेलो होतो, लोक बोलत होते उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), खाडा (कामाचा बुडालेला दिवस), मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार), फड (तोडायचा ऊस असलेलं शेत). नवराबायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे बाई आजारी पडली की अख्खा कोयता अडतो आणि खाड्याचे पैसे दोघांच्या हिशोबातून जातात. हे कोडिंग करताना दिसलं आणि लगेच पुढचा प्रश्न आला, मग एकट्या बाईला उचल देतं कोण? पुढच्या मुलाखती कुणाच्या घ्यायच्या ते असं ठरत गेलं. विषय नवीन असेल, नक्की काय शोधतोय तेच माहीत नसेल, तर ह्याला तोड नाही.

पण मग कोड वाढतात. त्याचंही काही नाही, एकत्र करता येतात. माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीनं. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, 'खाडा' वर क्लिक केलं की सगळ्यांची खाड्याबद्दलची वाक्यं एकाखाली एक येतात, 'मुकादम' वर केलं की मुकादमाची. दिसायला एकदम छान. आता समजा एक बाई सुरुवातीला सांगते की मुकादम चांगला आहे, काही त्रास नाही, तेव्हा नवरा शेजारी बसलेला असतो. अर्ध्या तासानं तो पाणी आणायला उठतो आणि ती खालच्या आवाजात सांगते की मागच्या हंगामात उचल फिटली नाही म्हणून ह्याच मुकादमानं घरी येऊन काय काय केलं. पहिलं वाक्य गेलं 'मुकादमाशी संबंध' मध्ये, दुसरं 'उचल फेडणे' मध्ये, आणि ही एकच बाई आहे, एकाच बैठकीत दोन उलट गोष्टी बोलली, हे कुठंच दिसत नाही. खरा माल तर त्या दोन वाक्यांच्या मधे होता ना! वाक्यावर क्लिक करून मूळ जागी जाता येतं हे मान्य, पण जायचं आठवलं तर, आणि शेकडो तुकड्यांत ते आठवत नाही.

तक्त्यात हे आपोआप समोर येतं, कारण ती बाई एका ओळीत अख्खी बसलेली असते. डावीकडं 'चांगला आहे', चार रकाने सोडून 'घरी येऊन शिवीगाळ', आणि शेजारी आपण टाकलेली नोंद, नवरा उठल्यावर बोलली. रकाना उभा वाचला की विषय कळतो, ओळ आडवी वाचली की माणूस. ही पद्धत 1980 च्या दशकात इंग्लंडमध्ये धोरणासाठीच्या संशोधनातून आली, जेन रिची आणि लिझ स्पेन्सर ही नावं तिच्याशी जोडलेली आहेत, आणि तो सरकारी बाज तिच्यात अजून आहे. प्रश्न आधीच बऱ्यापैकी ठरलेले असतील तर ती चालते. 2019 ला सरकारी समितीच्या पाहणीत बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अशा आकड्यामागं खाडा किती, डॉक्टर काय म्हणाला, घरातलं कोण बोललं, हे बाईगणिक सलग बघायचं असेल तर तक्ताच बरा पडतो.

तोटे आहेतच. भरायला प्रचंड कंटाळवाणा. आणि सारांश आपण लिहितो, त्यामुळे बाईच्या बोलण्याच्या जागी हळूहळू आपली रिपोर्टी भाषा येते, 'आर्थिक ताण जाणवतो' वगैरे, तसं तिच्या घरात कुणीच बोलत नाही. म्हणून तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत निदान एक वाक्य तिचंच, जसंच्या तसं, आणि पुढं पान नंबर. शिवाय मुलाखती खूप झाल्या की तक्ता पडद्यावर मावत नाही. तसा 12 मुलाखतींत भागतं असं बरेच गाईड सांगतात, तो आकडा लोक बहुतेक गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या 2006 च्या पेपरवरून उचलतात, पण तिथं घाना आणि नायजेरियातल्या बऱ्याच एकसारख्या बायका होत्या आणि प्रश्नही ठरलेले. तुमच्याकडं मुकादम, टोळीतली जोडपी आणि कारखान्याचा शेतकी अधिकारी असे तिघं असतील तर तो हिशोब लावू नका.

ज्यांना जर्नलमध्ये थिअरी मांडायची आहे त्यांनी कोडिंगच करावं, मी अडवणार नाही. वेळ भरपूर असेल आणि गाईड रोज भेटत असेल तरीही. बाकीच्यांना, म्हणजे एमए, पीएचडी किंवा संस्थेचा रिपोर्ट ज्यांना वेळेत द्यायचाय त्यांना, मी आपला तक्ताच सुचवेन. फक्त रकाने घरी बसून ठरवू नका, पहिल्या तीनचार मुलाखती कोडिंग करून त्यातून काढा. एनव्हिवो ह्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमवर्क मॅट्रिक्सची सोय आहे, पैसे नसतील तर एक्सेल पुरतं, एका सेलमध्ये 32,767 अक्षरं मावतात. आणि सगळ्यात शेवटी एक जादा रकाना ठेवा, बोलताना आसपास कोण होतं याचा, आणि तो त्याच दिवशी भरा, कारण रेकॉर्डिंग ऐकून ते नंतर कळत नाही.