नांदूर मध्यमेश्वर की लोणार?
दोन्ही पाणथळ जागा रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आल्याचं २०२० सालीच जाहीर झालं, पण जागा एकदम वेगळ्या. पक्षीच बघायचे असतील तर सरळ नांदूर मध्यमेश्वर, नाशिकच्या निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमापाशी बंधारा आहे, गाळ साचून पाणी उथळ झालंय म्हणून हिवाळ्यात बदकं, पट्टकादंब, करकोचे आणि नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो) पण, फक्त सकाळी लवकर जा आणि दुर्बीण घ्या नाहीतर नुसते ठिपके दिसतील. बुलढाण्यातल्या लोणार सरोवराचं पाणी खारट, त्यामुळे पाणपक्ष्यांची एवढी व्हरायटी नाही, काठच्या जंगलात मोर-वानरं मात्र दिसतात. तिथली खरी मजा उल्केच्या खड्ड्याची आणि जुन्या देवळांची. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालेलं ना, ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. म्हातारी माणसं सोबत असतील तर नांदूरच, लोणारचा चढ दमवतो राव.