चांदीचं ड्रेसिंग: ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरचा अभिप्राय

भाजलेल्यांच्या वॉर्डात सोळा वर्षं काढली, त्यातली बरीचशी पांढऱ्या मलमाच्या संगतीत. ते मलम म्हणजे 1 टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन. त्यामुळे नॅनोक्रिस्टलाइन, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या चांदीचं ड्रेसिंग आमच्याकडे आलं तेव्हा मी त्याच्याकडे जरा वाकड्या नजरेनंच पाहिलं.

आता मत बदललंय. त्याचं मुख्य कारण रुग्णाचं ओरडणं. मलम रोज, कधी दिवसातून दोनदा, खरवडून काढावं लागतं. ते जखमेतल्या स्रावात मिसळून पिवळट साय धरतं आणि खाली जखम कशी आहे तेच कळत नाही. जखमेची खोली वाढतेय की नुसती साय जमलीय, यावर डॉक्टर आणि मी कितीदा वाद घातलाय! चांदीचा कपडा मात्र तीन दिवस ठेवता येतो. तीन दिवसांत एकदाच जखम उघडायची, म्हणजे वेदना कमी आणि बाहेरच्या हातांचा स्पर्शही कमी. अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारखे चिवट जंतू कोरड्या पलंगाच्या दांड्यावरही दिवसेंदिवस जिवंत राहतात; आमच्या हातांवरून ते एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातात हे मान्य करायला संकोच वाटतो, पण तेच खरं आहे.

वापरण्यात एक खोच आहे. सुरुवातीला मी सवयीनं सलाइननं कपडा भिजवला. सलाइनमधलं क्लोराइड चांदीला पकडून ठेवतं, मग ती जखमेपर्यंत पोचणार कशी? निर्जंतुक पाणीच हवं. पाकिटावर लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. कपडा सुकला तर चिकटतो, म्हणून ओलावाही टिकवावा लागतो. आणि एमआरआयला नेण्याआधी तो काढायचा.

आता याच्याकडून काय होत नाही ते. एका रुग्णाच्या मांडीवरचं ड्रेसिंग उघडलं तर निळसर हिरवा स्राव आणि तो गोडसर, द्राक्षांसारखा वास. स्युडोमोनास जंतू! कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या तपासणीच्या कागदावर औषधांच्या नावांपुढे ‘आर’, ‘आर’, ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला जुमानत नाही. फक्त कोलिस्टिन हे प्रतिजैविक उरलेलं, तेही मूत्रपिंडावर डोळा ठेवून द्यायचं. नातेवाईक विचारत होते, ‘चांदी लावली होती ना, सिस्टर?’ लावली होती. पण जळलेल्या मृत कातडीत रक्तवाहिन्या गोठलेल्या असतात, शिरेतून दिलेलं औषध तिथवर पोचतच नाही, आणि वरून लावलेली चांदीही जाड थरातून आत जेमतेम उतरते. खाली जंतू बायोफिल्मचं, म्हणजे स्वतःच बनवलेल्या चिकट थराचं पांघरूण घेऊन बसतात. ती कातडी शस्त्रक्रियेनं काढून ग्राफ्ट (दुसरीकडची निरोगी त्वचा) लावणं हाच उपाय होता, आणि तो आम्ही दोन-तीन दिवस उशिरा केला असं मला आजही वाटतं.

चांदीपुढे जंतू कधीच टिकत नाहीत, असंही कुणी समजू नये. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या भाजलेल्यांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेट आणि काही प्रतिजैविकं या दोन्हींना न जुमानणारा साल्मोनेला आढळला होता. तो अहवाल 1975 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ‘चांदी आहे, निर्धास्त राहा’ अशी जाहिरातीतली भाषा ऐकली की मी तिकडे दुर्लक्ष करते.

उथळ, नीट साफ केलेल्या भाजण्यासाठी पाचपैकी साडेचार. जाड काळ्या कातडीवर नुसतं चिकटवून वाट बघत बसणार असाल तर दोन. आणि हो, चादरीवर पडलेले करडे डाग धुऊन निघत नाहीत. रुग्णाची कातडीही काही दिवस राखाडी दिसते, तेव्हा नातेवाईकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री अडीचला बेल वाजते.