त्याने दाखवलेलं सगळं खरं होतं, पैसे मात्र गेले

हे लिहायला मला सहा महिने लागले कारण लाज वाटत होती. मी डोंबिवलीत राहते, घरून आठवी ते दहावीचे गणिताचे ऑनलाइन क्लास घेते, रोज मुलांना सांगते की उत्तर आलं म्हणून खूश होऊ नका, पायऱ्या तपासा. आणि मी स्वतः एका माणसाच्या पायऱ्या न तपासता ९२,४९९ रुपये घालवून बसले.

जुलैचा दुसरा आठवडा, बाहेर धो धो पाऊस, पाच वाजता दहावीची बॅच आणि नेट असं की मुलांना माझं तोंड दिसतंय पण आवाज नाही, मधेच आवाज येतोय तर तोंड वाकडं होऊन थांबलेलं. आमच्या केबलवाल्याचा फोन लागत नव्हता म्हणून मी नेट कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर असं गूगलवर शोधलं, जो नंबर सगळ्यात वर आला तो लावला. पहिली चूक हीच. खरा नंबर दर महिन्याच्या बिलावर छापलेला असतो आणि बिल माझ्या ईमेलमधे पडलेलं होतं, पण घाईत कोण बिल उघडतंय.

पलीकडचा मुलगा इतका नम्र की विचारू नका. मॅडम काळजी करू नका, लाइन तपासतो, दोन मिनिटं होल्ड करा, मागे ऑफिसचा आवाज, सगळं व्यवस्थित. मग म्हणाला लाइन ठीक आहे, तुमच्या वायफायवर बाहेरची माणसं बसलीत, ती तुमचा स्पीड खातायत, लॅपटॉपवर एक ॲप घ्या म्हणजे मी इथून बघतो. मी घेतलं आणि त्यावर आलेला ९ आकडी नंबर त्याला वाचून दाखवला. त्या नंबरावरून तो माझा लॅपटॉप तिथून चालवू शकत होता, म्हणजे घराची किल्ली मीच हातात दिली.

आता इथून पुढे नीट वाचा.

त्याने आधी विचारलं, मॅडम घरात वायफायवर किती वस्तू आहेत? मी म्हटलं पाच-सहा असतील. मग त्याने ब्राउझरमधे १९२.१६८.१.१ टाकलं, राउटरचं पान उघडलं आणि मला न विचारता युजरनेम ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन टाकून आत गेला! मला म्हणाला बघा, मी आलो तसा कोणीही येईल. माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षांपूर्वी नेट बसवणाऱ्या पोऱ्याने जे ठेवलं होतं तेच होतं, तो पासवर्ड बदलायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मला वाटायचं वायफायचा पासवर्ड म्हणजेच राउटरचा पासवर्ड.

आत वस्तूंची यादी होती, ११ ओळी. कोणाचं नाव अँड्रॉइड आणि पुढे लांबलचक आकडे, कोणाचं नुसतंच रिकामं, आणि एकाचं नाव ईएसपी आणि पुढे आकडे. तो म्हणाला हे ईएसपी बघितलं का मॅडम, हे स्पाय डिव्हाइस असतं. तोपर्यंत माझे हात गार पडले होते.

मग त्याने कॉम्प्युटरला हुकूम टाइप करून द्यायची काळी खिडकी उघडली, नेटस्टॅट असं काहीतरी टाइप केलं, धडाधड ओळी आल्या. एका रकान्यावर लिहिलेलं फॉरेन ॲड्रेस, शेवटच्या रकान्यात एस्टॅब्लिश्ड (म्हणजे जोडलेलं), एस्टॅब्लिश्ड, एस्टॅब्लिश्ड. आणि हळू आवाजात म्हणाला, मॅडम फॉरेन म्हणजे कळतं ना, परदेशातून तुमच्या लॅपटॉपला लोक जोडले गेलेत, उद्या तुमच्या आयपीवरून, म्हणजे तुमच्या नेटच्या पत्त्यावरून, कोणी काही घाण केलं तर पोलिस तुमच्या दारात येतील.

मी लगेच विश्वास ठेवला कारण असं झालेलं मला माहीत होतं. २००८ च्या जुलैमधे अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी जो धमकीचा ईमेल गेला होता तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून गेलेला निघाला आणि एटीएस त्याच्या घरी पोचली होती. तेव्हा पेपरात रोज यायचं. म्हणजे तो मला घाबरवत होता ती भीती काही हवेतली नव्हती.

पुढचं पटकन सांगते कारण त्यात शिकण्यासारखं कमी आणि लाजण्यासारखं जास्त आहे. तीन वर्षांचं नेटवर्क संरक्षण, ४,९९९ रुपये. पेमेंटचं पान त्यानेच उघडलं, ते त्याचंच होतं, त्यामुळे मी टाकलेला कार्ड नंबर आणि मागचे ३ आकडे थेट त्याच्याकडे. मग स्क्रीन काळी झाली, अपडेट चालू आहे मॅडम, २० मिनिटं हात लावू नका. मी मोबाइलचे मेसेज लॅपटॉपवर दिसतील असं करून ठेवलेलं होतं, क्लासच्या पालकांचे मेसेज बघायला सोपं पडतं म्हणून, म्हणजे ओटीपी त्याला काळ्या पडद्यामागे आयते वाचायला मिळत होते. मी कोणालाही ओटीपी सांगितला नाही हो, हे मी पोलिस स्टेशनात चार वेळा सांगितलं, आणि ते खरंच आहे, पण सांगायची गरजच उरली नव्हती.

फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. अप्पा, म्हणजे माझे सासरे, चहा घ्यायला गेले आणि तिथूनच ओरडले, अगं ४९,००० कुठे गेले? ते गिफ्ट कार्डात गेले होते. मी उठेपर्यंत ३८,५०० एका वॉलेटमधे गेले. मी लॅपटॉपची बटणं दाबतेय, काही होत नाहीये, आणि अप्पांनी सरळ जाऊन भिंतीवरच्या बोर्डावरचं राउटरचं बटण बंद केलं. त्याच क्षणी त्याची पकड सुटली. २५,००० चा तिसरा ओटीपी येऊन पडला होता, तो वापरायला त्याला मिळाला नाही. ७८ वर्षांचा माणूस, ज्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता येत नाही.

लगेच १९३० ला फोन केला, सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, पाठ करून ठेवा. दुसऱ्या हाताने बँकेला सांगून कार्ड बंद केलं, रात्री सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली. तासाभरात कळवल्यामुळे वॉलेटमधले ३८,५०० गोठवले गेले आणि पाच महिन्यांनी, कोर्टाचा आदेश वगैरे होऊन, परत आले. गिफ्ट कार्डाचे आणि ते ४,९९९ गेले ते गेलेच. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे की बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला भुर्दंड नाही, पण मी स्वतःच लॅपटॉप उघडा करून दिल्यामुळे बँकेने हात वर केले. त्यावर भांडले, उपयोग झाला नाही.

रविवारी माझा भाचा आला, तो नेटवर्किंगमधेच नोकरी करतो. मी त्याला तो काळ्या खिडकीचा प्रकार रडवेल्या आवाजात सांगितला तर तो हसायलाच लागला, मग माझं तोंड बघून गप्प झाला. मावशी, म्हणाला, फॉरेन ॲड्रेस म्हणजे परदेश नाही, तुझा लॅपटॉप ज्याच्याशी बोलतोय त्या समोरच्या टोकाचा पत्ता. तू ब्राउझरमधे चार टॅब उघडल्या की तिथे वीस ओळी येणारच. त्याने त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर करून दाखवलं, ३० च्या वर ओळी आल्या.

मग आम्ही वस्तू मोजायला बसलो. चार जणांचे चार फोन, लेकीचा टॅब, दोन लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, क्लासमधे वहीवर कॅमेरा म्हणून लावते तो जुना फोन. दहा. अकरावं काय? ते ईएसपी? भाचा म्हणाला घरात कुठे स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग आहे का. गीझर! नवऱ्याने अप्पांच्या गीझरला मोबाइलवरून चालू होणारा प्लग लावलाय, त्यात ईएसपी नावाची चिप असते आणि बऱ्याच स्वस्त प्लगचं नाव राउटरमधे तसंच दिसतं. आमचं स्पाय डिव्हाइस म्हणजे अप्पांच्या अंघोळीचं पाणी. आणि यादीतले फोन ओळखू का येत नाहीत, तर आजकालचे फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा कारखान्यातून आलेला नंबर) न देता बनावट देतात, ती सोय आपल्याच सुरक्षिततेसाठी आहे.

म्हणजे बघा, ११ वस्तू खऱ्या, एस्टॅब्लिश्ड खरं, ॲडमिन-ॲडमिन तर शंभर टक्के खरं. त्याने एकही खोटी गोष्ट दाखवली नाही, फक्त जे रोज प्रत्येकाच्या घरात चालू असतं त्याला रोगाचं नाव दिलं. मी ती यादी आधी एकदा जरी शांतपणे बघितली असती तर त्याला तिथेच म्हटलं असतं, अरे तो गीझर आहे.

पकड सुटायच्या आधी त्या चोराने राउटरचा पासवर्ड बदलून ठेवला होता आणि डीएनएसचे पत्ते पण. डीएनएस म्हणजे नेटची टेलिफोन डिरेक्टरी, तुम्ही बँकेचं नाव टाकता आणि ती त्याचा आकडी पत्ता शोधून देते. डिरेक्टरीच चोराची असेल तर नाव बरोबर टाकूनही भलत्याच दारात पोचायची भीती, आणि राउटरमधे बदललं की घरातल्या सगळ्यांचंच बदलतं. हे नवीन नाहीये, २०११ मधे अमेरिकेच्या एफबीआयने अशीच एक टोळी पकडली, जगभरातल्या ४० लाखांच्या आसपास कॉम्प्युटरचा डीएनएस त्यांनी बदलून ठेवला होता. आणि ॲडमिन-ॲडमिनबद्दल भाच्याने सांगितलं की २०१६ मधे मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले असेच पासवर्ड लावून लावून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, त्यांच्या मालकांना पत्ता पण नव्हता.

राउटरच्या मागे छोटं भोक असतं, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की सगळं कोरं होतं. पण थांबा, तसंच दाबू नका, त्यात तुमच्या नेटवाल्याने टाकलेलं कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड पण उडतं, ते आधी त्याच्याकडून लिहून घ्या नाहीतर नेटशिवाय बसाल. आम्ही घेतलं, मग कोरं केलं. राउटरचा पासवर्ड वेगळा, वायफायचा वेगळा (आधीचा माझा मोबाइल नंबर होता, अख्ख्या सोसायटीला पाठ). सुरक्षेत, म्हणजे वायफायवरच्या माहितीला कुलूप लावायच्या पद्धतीत, डब्ल्यूपीए२ च्या जागी त्याहून नवी डब्ल्यूपीए३, आमच्या राउटरला होतं म्हणून, नसेल तर डब्ल्यूपीए२ पण चालतं. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद, त्यातला ८ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो म्हणून फार तर ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो हे २०११ पासून माहीत आहे (गणिताच्या बाईला हे ऐकून वाईट वाटलं, आठ आकड्यांचे दहा कोटी पर्याय व्हायला हवेत). बाहेरून राउटर उघडायची सोय बंद, फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट. गीझर, टीव्ही आणि पाहुणे गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे त्याच राउटरच्या वेगळ्या वायफायवर. लॅपटॉप पूर्ण फॉरमॅट केला, त्यात मुलांच्या तीन टेस्टचे पेपर गेले.

आणि ज्या कारणासाठी हे सगळं झालं तो स्पीड? राउटर टीव्हीच्या कपाटात स्टीलच्या डब्यांमागे ठेवलेला, लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर (वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी जास्त गर्दीचा), आणि त्याच चॅनलवर आमच्या मजल्यापासून खालपर्यंतची सगळी वायफाय कोंबलेली. राउटर बाहेर काढून कपाटावर ठेवला, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घेतला. झालं. शून्य रुपये.

ऑक्टोबरमधे परत फोन आला होता, वेगळा आवाज. मॅडम तुमची तक्रार आमच्या रिफंड विभागाकडे आलीये, पैसे परत करायचेत, फक्त एक ॲप घ्या. एकदा फसलेल्यांची यादी ही माणसं पुढे विकतात म्हणे, तेव्हा तुमचं आधीच काही गेलं असेल तर असा फोन येईल हे धरूनच चाला. मी काही बोलायच्या आत अप्पांनी फोन घेतला आणि त्याला विचारलं, आमच्याकडे ईएसपी नावाची वस्तू दिसते, ती काय आहे सांग. तो म्हणाला, सर ते हॅकरचं आहे. अप्पा म्हणाले, हॅकरला सांग पाणी जरा जास्त गरम करत जा.