पंचगंगेच्या भित्तिचित्रासाठी कळीचा चुना कसा वाटतो?

नदी वाचवा म्हणून भिंत रंगवायची आणि रंग प्लॅस्टिकचा वापरायचा, हे पटत नाही. बाहेरच्या भिंतींचं ॲक्रिलिक इमल्शन म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्राच. मागून ओल आली की फुगतो, पोपडे सुटतात आणि पावसाबरोबर गटारात जातात. कोल्हापुरातल्या पूररेषेतल्या भिंतींसाठी सुटा कळीचा (न विझवलेला) चुना, गेरू (तांबडी माती) आणि पिवडी (पिवळी माती) हे जुनं सामान कितीतरी सरस आहे. मात्र ते घाई सहन करत नाही.

चुना ढेकळांचाच घ्या. उघड्या पोत्यात भुकटी झालेल्याची पकड गेलेली असते. तो विझवायला ५ किलोला १२ लिटर पाणी, लोखंडी पिंपात. आधी पाणी, मग थोडा थोडा चुना. उलट केलंत तर उकळून अंगावर उडतो. गॉगल आणि रबरी मोजे हवेतच. प्लॅस्टिकची बादली या उष्णतेत वितळू शकते. आठवडाभर पाण्याखाली मुरवा, मग फडक्यातून गाळा. न विझलेला कण राहिला तर तो भिंतीवर नंतर फुलतो आणि चित्राला खड्डा पाडतो.

मुरलेल्या चुन्याच्या किलोला मातीचा रंग जास्तीत जास्त १०० ग्रॅम, तोही रात्रभर भिजवून. त्यापुढे गेलात तर रंग हाताला लागतो. हळद अजिबात नको, चुन्यात तिचं कुंकू होतं आणि ते उन्हात उडतं. निळा ही या सामानाची खरी उणीव. अल्ट्रामरीनची पूड चालते, कपड्यांची पातळ नीळ टिकत नाही. झळझळीत निळं पाणी हवं असेल तर निराशा होईल. पण पुराची पंचगंगा गेरू-पिवडीत हुबेहूब उतरते. ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर बराच फिकटतो, म्हणून आधी विटेवर नमुना काढा.

वीट, चुन्याचा किंवा साधा सिमेंट गिलावा चालेल. ऑइलपेंट किंवा इमल्शनवर चुना धरत नाही, ते खरवडून काढावं लागतं. घाटाच्या जुन्या काळ्या दगडांना तर ब्रशही लावू नये. भिंत भिजवून ताकासारखे ३-४ पातळ हात द्या, प्रत्येकात एक दिवस सोडून. भर उन्हात रंगवलं तर चुना बांधला जाण्याआधीच सुकतो आणि भुकटी होऊन झडतो. काम मृगाच्या महिनाभर आधी संपवावं.

पूरपातळी दाखवताना सरसकट होणारी चूक: ‘४३ फूट’ लिहून भिंतीवर अंदाजे रेघ मारणं. ती पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या मोजपट्टीवरची धोका पातळी आहे, गल्लीतल्या जमिनीपासूनची उंची नव्हे. २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची खूण त्याच भिंतीवर शोधा आणि तिथेच गेरूचा पट्टा ओढा.

ब्रश धुतलेलं पाणी नाल्यात ओतू नका. चुन्याचा खार माशांना मारतो. पिंपात निवळू द्या. तळाचा गाळ पुढच्या भिंतीच्या पहिल्या हाताला वापरता येतो, वरची निवळी नवा चुना विझवायला.