अमळनेरचा संध्याकाळचा इंग्रजी वर्ग: दोन आठवडे एकाच 'हॅव'वर

मी जिनिंगच्या ऑफिसात कामाला आहे. कापसाच्या गाठींचे मेल मीच लिहितो. गेल्या हंगामात कोइंबतूरच्या व्यापाऱ्याने विचारलं, माल किती आहे? मी लिहिलं, 'वी हॅड सिक्स्टी बेल्स'. आठवडाभर उत्तर नाही. फोन केला तर म्हणाला, तुमच्या गाठी विकल्या गेल्या ना, मी दुसरीकडून घेतल्या. साठ गाठी म्हणजे दहा हजार किलो रुई, माझ्या एका शब्दाने हातची गेली. लगेच या वर्गात नाव घातलं.

मॅडम निवृत्त शिक्षिका आहेत. माझा मेल वाचून म्हणाल्या, "भाऊ, हॅड म्हणजे होत्या. आहेत म्हणायचं तर हॅव." मग फळ्यावर अहिराणीत तीन ओळी लिहिल्या: माले ताप शे. मनाजोडे वही शे. माले दोन बहिनी शेतस. आपलं तिन्हीकडे 'शे'वर, म्हणजे 'आहे'वर भागतं. ज्याचं आहे त्याला आपण 'ले' (ला), 'जोडे' (जवळ) लावतो. इंग्रजीत तोच माणूस कर्ता होतो आणि क्रियापद येतं हॅव: आय हॅव अ फीवर, आय हॅव टू सिस्टर्स. शाळेत मी हॅव, हॅज, हॅड घोकलं होतं, पण आपल्या बोलीत असं क्रियापदच नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी माझी खोड 'वी आर हॅविंग स्टॉक'. मालकी सांगताना हॅविंग चालत नाही. जेवण चालू असेल तर 'वी आर हॅविंग लंच' बरोबर. 'डज ही हॅव' म्हणताना हॅज का नाही, तर तो 'स' आधीच डजमध्ये गेलाय. 'हॅव टू' म्हणजे आपलं 'लागतं'. 'आय हॅव सेंट'पुढे मात्र यस्टरडे लिहायचं नाही. काल म्हटलं की साधं 'आय सेंट'.

फी महिन्याला 600 रुपये, वेळ सात ते साडेआठ. खोलीत बावीस जण, मागच्या बाकावरून फळा नीट दिसत नाही, तेव्हा लवकर जा. बोलण्याचा सराव कमी पडतो. तो शनिवारीही घ्यावा, असं मी मॅडमना सांगितलंय. झेरॉक्सच्या नोट्स बारीक अक्षरात आहेत, वयस्कर माणसांना त्रास होतो.

परवा मेल लिहिला: 'वी हॅव फॉर्टी बेल्स'. दुपारीच भाव विचारणारा फोन आला. दुसऱ्या महिन्याची फी भरली आहे, सोमवारपासून 'डू' सुरू होतंय.