एमएससाठी अमेरिका की जर्मनी?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं हा प्रश्न घेऊन येतात, तेव्हा मी आधी घरच्या पैशांचं विचारते.

अमेरिकेत आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते पत्र, मिळण्यासाठी पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च कागदावर दाखवावा लागतो. पुष्कळ घरांत त्यासाठी राहता फ्लॅट तारण ठेवतात, आणि सही करताना वडिलांचा हात क्षणभर थांबतो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य मात्र आपल्यासारख्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. शिवाय ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, राहण्याच्या खर्चाचे वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे. ते आपलेच, महिन्याला ९९२ हातात येतात.

अर्जाची तऱ्हाही वेगळी. अमेरिकेत एसओपी (हा कोर्स का करायचा, हे सांगणारा आपला निबंध) आणि शिफारसपत्रांना वजन असतं, त्यामुळे मेकॅनिकलची मुलगीही डेटा सायन्सकडे वळू शकते. जर्मनीत विषयागणिक क्रेडिट मोजतात. गणिताचे कमी पडले की नऊचा सीजीपीए असूनही नकार. म्हणून सिलॅबसचं पानन् पान जपा, आणि एपीएस प्रमाणपत्राचा, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याच्या दाखल्याचा, अर्ज लवकर करा.

नोकरीसाठी अमेरिकेत स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) पदवीवर ओपीटीची, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची, तीन वर्षं मिळतात, पण पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. जर्मनीत शोधायला १८ महिने.

कर्ज झेपणार नसेल तर मी जर्मनीच सांगते. फक्त भाषा इथूनच शिकून जा. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मनचे वर्ग चालतात.